अनलिमिटेड सुशी : भुसावळहून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मुलगा कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागाला राहतो. त्याच्याकडे आम्ही दोनदा जाऊन आलो, आणि दोन्ही वेळा मिळून पाच-सहादा तरी त्यानं आम्हाला ‘ऑल यू कॅन ईट’ सुशीच्या हॉटेलात नेलं. एकच दर भरायचा आणि वेळ संपेपर्यंत हवं तेवढं मागवायचं. आता आमच्या रेल्वे कॉलनीतल्या निम्म्या घरांची पोरं बाहेर आहेत. कुणाचा व्हिसा आला की लग्नात, दवाखान्यात, फलाटावर गाठून मला तेच ते प्रश्न विचारतात. शंभरदा सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. मी आचारी नाही, जपानला गेलेलो नाही. रेल्वेतून निवृत्त झालेला, भाकरी-भरितावर वाढलेला माणूस आहे, हे लक्षात ठेवून वाचावं.

सुशी म्हणजे कच्चा मासाच ना?

नाही. सुशी म्हणजे भात. व्हिनेगर, साखर आणि मीठ घालून आंबटगोड केलेला चिकट भात. त्याच्यावर किंवा त्याच्या पोटात जे ठेवाल ते ठेवा, मासा, काकडी, ऑम्लेट, काहीही, ती सुशीच. भाताशिवाय नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात. मेनूवर दोन्ही शेजारी-शेजारी असतात म्हणून घोटाळा होतो.

मूळ पदार्थ तर अजून वेगळा. मासा मीठ लावून भातात महिनोन् महिने दाबून ठेवायचे, म्हणजे तो टिकायचा. भात आंबून लगदा झाला की टाकून द्यायचे आणि मासा खायचे. बिवा नावाच्या तळ्याकाठी तसा मासा आजही करतात, त्याला फुनाझुशी म्हणतात. आपल्याकडे बोंबील वाळवून ठेवतात, त्यांनी आंबवून ठेवला, एवढाच फरक. भाताच्या लहान मुटक्यावर माशाचा काप, ही आजची निगिरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, रूढ झाली. तिचं श्रेय हानाया योहेई या माणसाला देतात. तेव्हा ती गाड्यावर, उभ्याउभ्या, हातानं खायची गोष्ट होती. आपली कचोरी जशी.

अनलिमिटेड म्हणजे खरंच कितीही?

कितीही, पण तीन कुंपणांच्या आत. वेळेचं कुंपण, उरलेल्या घासाचं कुंपण, आणि काही महागड्या पदार्थांवर ‘माणशी एकदाच’ असं कुंपण. साशिमी बऱ्याच ठिकाणी फक्त संध्याकाळच्या दरात मिळते, दुपारच्या नाही. पेयं वेगळी. पाणी फुकट असतं आणि कोरा ग्रीन टी बहुतेक ठिकाणी मिळतो, पण कोक मागवला की बिलात येतो.

खुर्चीत बसलं की हातात टॅबलेट देतात, नाहीतर कागदाची यादी आणि पेन्सिल. पदार्थापुढे आकडा टाकायचा आणि पाठवून द्यायचं. मग ताटल्या येत राहतात. इथंच आपल्या माणसाची फसगत होते. आपल्या पंगतीत वाढपी येतो, ‘घ्या हो, एक घ्याच’ म्हणतो, आपण हात आडवा धरतो, तो तरी वाढतो. आग्रह करणारा एक, अडवणारा दुसरा. तिथं आग्रह करायला कुणीच येत नाही. आग्रह करणारेही आपण आणि हात आडवा धरणारेही आपण. मला दुसरं काम जमायला तीन वेळा जावं लागलं.

वेळ किती मिळतो?

साधारण दीड ते दोन तास. शेवटची ऑर्डर त्याआधी वीस-तीस मिनिटं बंद होते. बाहेर रांग असेल तर वेळ काटेकोर पाळतात, दुपारी हॉटेल रिकामं असेल तर कुणी घड्याळ बघत नाही. गाडी सुटायला दहा मिनिटं उरली असताना वडापाव घेणारा माणूस जसा ओरडतो तसं शेवटच्या क्षणी टॅबलेटवर ढीगभर टाकू नका. तो ढीग येतो आणि मग पुढचा प्रश्न उभा राहतो.

उरलं तर?

पैसे लावतात. तुकड्यामागे एक-दोन डॉलर, किंवा मूळ मेनूतल्या दरानं. मेनूच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि आपण नेमकं तेच पान उलटतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा टॅबलेट माझ्या हातात होता. आम्ही सहा जण. मला वाटलं, सहा माणसं म्हणजे प्रत्येक गोष्ट सहा. रोल, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदात भात गुंडाळून केलेली वळकटी, त्याच्यापुढे सहा टाकलं. एक रोल म्हणजे एक तुकडा असा माझा समज. एक रोल म्हणजे सहा ते आठ तुकडे असतात हे पोरानं सांगेस्तोवर ऑर्डर गेली होती. टेबलावर काकडीचे, एवोकॅडोचे, खेकड्याचे मिळून शंभरावर तुकडे येऊन बसले. पाणी ठेवायला जागा नाही. सून हसतेय, नातू मोजतोय. माझे साडू त्या वेळी तिकडेच होते. त्यांनी गुपचूप चार तुकडे कागदी रुमालात गुंडाळून खिशात घातले. ही युक्ती तिथल्या वाढप्यांना आपल्याहून जुनी माहीत असते. चहाच्या कपात भात लपवणारे, ताटलीखाली दडपणारे, सगळे त्यांनी पाहिलेले. तो पोरगा काही बोलला नाही, फक्त खिशाकडे बघून गेला. साडूंनी गाडीत बसेपर्यंत मान वर केली नाही. आणि कोटाला दोन दिवस व्हिनेगरचा वास.

नियमाचा राग धरू नका. माशाचा काप उचलून खायचा आणि खालचा भात तसाच ठेवायचा, असं करणारे इतके असतात की हा दंड नसता तर हॉटेल महिन्यात बंद पडेल. पुण्यात अमर्याद थाळीच्या काही खानावळींतही ‘ताटात टाकल्यास जादा पैसे’ अशी पाटी असतेच की.

उपाय सोपा आहे. एका फेरीत माणशी चार-पाच तुकडे, एवढंच. संपले की पुढची फेरी. दुसरी ऑर्डर देण्यावर बंदी नाही, आणि ती यायला फार वेळही लागत नाही.

मला भूक नाही. मी नुसतं बसू का? त्यांच्यातलंच एखादं उचलीन.

हा प्रश्न दर वेळी घरातली मोठी बाई विचारते. उत्तर नाही असं आहे. टेबलावर एकानं अनलिमिटेड घेतलं तर सगळ्यांनी घ्यायचं, हा जवळपास सगळीकडचा नियम. काही ठिकाणी शेजारी बसून वेगळा एकच पदार्थ मागवू देतात, पण मग दुसऱ्याच्या ताटलीतलं उचलायचं नाही. आमच्या घरी मंडळींना नवऱ्याच्या ताटातला एक घास घेतल्याशिवाय जेवण पूर्ण झालं असं वाटत नाही, त्यामुळे आम्ही सरळ सगळ्यांचे पैसे भरतो.

बिलात काय काय येतं?

दुपारचा दर कमी, संध्याकाळचा जास्त, शनिवार-रविवारी त्याहून थोडा जास्त. मेनूवर छापलेल्या दरात कर धरलेला नसतो. ओंटारियो प्रांतात एचएसटी १३ टक्के. त्यावर टिप, साधारण १५ ते १८ टक्के, आणि ती ऐच्छिक म्हणायची फक्त कागदावर. म्हणजे छापील दरावर तीसेक टक्के धरूनच बसा. डॉलरचे रुपये करत बसलात तर पहिला घास घशाखाली उतरणार नाही. मी करतो. उतरत नाही.

पुण्या-मुंबईच्या काही हॉटेलांतही ठराविक वारी अनलिमिटेड सुशी असते. तिथं बिल वेगळ्या तऱ्हेनं वाचा. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, मोठ्या तारांकित हॉटेलात तो १८ टक्के असू शकतो. ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ दिसली तर ती काढून मागता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी तशा मार्गदर्शक सूचना काढल्या, दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. वाद घालायचा नसेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आम्ही शाकाहारी. तिथं जाऊन काय करणार?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर लोकांना वाटतं त्याच्या उलट आहे. खायला भरपूर आहे. फसवणारे पदार्थ मात्र तुम्हाला वाटतात ते नाहीत.

आधी खायचं सांगतो. काकडीचा रोल, त्याला काप्पा माकी म्हणतात. एवोकॅडोचा रोल. रताळ्याचा तळलेला काप घातलेला रोल, हा आमच्या मंडळींना सगळ्यात आवडला. इनारी, म्हणजे गोडसर पाकात मुरवलेल्या टोफूच्या (सोयाबीनच्या पनीरच्या) पिशवीत भरलेला भात, फक्त पाकात माशाचं पाणी नाही ना ते विचारून. एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या. हिवाळ्यात आपण तुरीच्या शेंगा उकडून खातो तशाच, दातांनी दाणा ओढायचा आणि साल टाकायची. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सालासकट चावून ‘जपानी लोक काय चिवट खातात’ असा शेरा मारला होता. भाज्यांचा तेम्पुरा, म्हणजे आपली भजीच, फक्त बेसनाऐवजी मैद्याचं पातळ, गार पीठ. हा प्रकार सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानला नेला, त्यामुळे ओळखीचा वाटला तर नवल नाही.

आता फसवणारे. पहिलं, मिसो सूप. वर टोफूचे तुकडे तरंगतात, माणूस बिनधास्त पितो. त्याचं पाणी ज्याला दाशी म्हणतात, ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं असतं. दुसरं, आगेदाशी टोफू. तळलेला टोफू चालतो, पण तो ज्या रसात बसलेला असतो तो त्याच दाशीचा. तिसरं, ‘क्रॅब स्टिक’. त्यात खेकडा नसतो हे खरं, म्हणून काही जण ती शाकाहारी समजतात. ती पांढऱ्या माशाच्या लगद्याची असते, अंड्याचा पांढरा बलकही असतो. चौथं, रोलवर शिंपडलेले नारिंगी बारीक मोती. ती माशाची अंडी. ‘व्हेज रोलवर शोभेला टाकलीत’ असं एकदा आम्हाला ऐकायला मिळालं. पाचवं, स्पायसी मेयो, त्यात अंडं. आणि तेम्पुरा ज्या कढईत तळतात तिच्यातच कोळंबीही तळलेली असते, त्यामुळे कडक पाळणाऱ्यांनी तेम्पुरा सोडावाच.

शेवटी गोडात मँगो पुडिंग येतं. आंबा बघून हात पुढे जातो. त्यात बहुतेक वेळा जिलेटिन असतं, जे प्राण्यांपासून काढतात. आइसक्रीम घ्या.

वाढप्याला ‘व्हेजिटेरियन’ एवढंच सांगून भागत नाही, कारण बऱ्याच जणांच्या लेखी मासा खाणाराही शाकाहारीच असतो. ‘नो मीट, नो फिश, नो एग, नो फिश सूप’ असं मोजून चार वेळा सांगा. शेजारी बसलेला आपला पोरगा लाजला तरी सांगा.

जैन जेवण मिळतं का?

अनलिमिटेडच्या ठिकाणी धरून चालू नका. भातात घालायच्या मसाल्यात कधी मिरिन असते, ती गोड मद्याची जात. वसाबी म्हणून येणारा झणझणीत हिरवा गोळा बहुधा जमिनीखालच्या मुळाचा, आलं जमिनीखालचं, रताळं जमिनीखालचं. काकडी रोल आणि एवोकॅडो रोल, भातात काय घातलंय ते विचारून, एवढं राहतं. त्यासाठी पूर्ण दर भरण्यात मला अर्थ वाटत नाही. एकादशीला जाऊच नका, भातच भात आहे.

कच्चा मासा बाधत नाही का?

चांगल्या ठिकाणी सहसा नाही, आणि त्याचं कारण ताजेपणा नाही, बर्फ आहे. समुद्री माशात अनिसाकिस नावाचा बारीक जंत असू शकतो. तो मरावा म्हणून मासा उणे २० अंश सेल्सियसला ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर घट्ट गोठवून १५ तास ठेवायचा, असा अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाचा दंडक आहे. ‘आज पकडला, आज कापला’ हे ऐकायला छान, पण कच्चं खायला गोठवलेला बरा. जंतू मात्र गोठवून सगळे मरत नाहीत, म्हणून पुढची थंड साखळी आणि स्वच्छता महत्त्वाची. ‘सुशी ग्रेड’ या शब्दाला अमेरिकेत कायद्याची व्याख्या नाही, तेव्हा पाटीवर भुलू नका.

मी एवढंच बघतो. मासा गार हवा, चकचकीत हवा, वास समुद्राचा असावा, माशाच्या बाजाराचा नसावा. भात मात्र गार नको, हाताइतका कोमट हवा. भात फ्रीजमधून काढल्यासारखा टणक लागला तर मी पुढची फेरी शिजवलेल्या पदार्थांची मागवतो.

गंमत म्हणजे गुलाबी साल्मनची निगिरी, जी आता सुशीची ओळखच झालीय, ती जपानची जुनी रीत नाही. त्यांच्याकडच्या साल्मनमध्ये जंत असायचे, म्हणून ते कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेनं आपला समुद्रातल्या जाळ्यांत पोसलेला साल्मन त्यांच्या गळी उतरवला.

मग आपल्या तापीतला मासा तसा खाता येईल?

नाही, अजिबात नाही. हतनूर धरणातला असो, गिरणेतला असो, उकाईच्या फुगवट्यावरून नंदुरबारला आलेला असो. गोड्या पाण्यातल्या माशांत यकृतात घर करणारे आणि आतड्यात लांबच लांब वाढणारे जंत असू शकतात. रोहू, कटला, मरळ रश्श्यातच शोभतात. हे पोरांना नीट बजावून ठेवा, व्हिडिओ बघून त्यांच्या डोक्यात काहीही येतं.

हिरवा गोळा म्हणजे चटणी का?

वसाबी. माझ्या शेजारच्या आबांनी हिरवा ठेचा समजून बोटभर घेतला आणि तोंडात टाकला. खान्देशी माणूस, तिखटाची काय भीती. पुढचं अर्धं मिनिट ते खुर्चीवर नव्हते, कुठंतरी वर होते.

आपला ठेचा जिभेवर बसतो आणि बसून राहतो. वसाबी जिभेला जवळपास सोडून देते आणि वाफ होऊन थेट नाकातून टाळूला जाते. लोणच्याला मोहरी जास्त फेसली गेली तर जो झणका येतो, अगदी तोच, कारण झोंबणारं द्रव्यही तेच आहे. म्हणून त्यावर दूध, ताक, साखर काही चालत नाही. तोंडानं श्वास घ्या, वीस-तीस सेकंद थांबा, आपोआप जातं. वाटाण्याएवढाही नको, ज्वारीच्या दाण्याएवढा पुरे.

खरी वसाबी थंड वाहत्या पाण्यात वाढते आणि फार महाग पडते. अनलिमिटेडच्या टेबलावर येतो तो गोळा बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचा असतो. शेजारचे गुलाबी काप आल्याचे. ते कोशिंबिरीसारखे भरपूर खायचे नसतात, एक मासा संपवून दुसरा घेताना तोंड साफ करायला असतात. मला ते सुशीपेक्षा जास्त आवडतात, हे पोराला आवडत नाही.

काड्यांनी खाता येत नाही. चमचा मागितला तर चालेल?

चमचा कशाला, हातानं खा. निगिरी आणि रोल हातानं खाणं जपानमध्ये पूर्ण रीतीला धरून आहे. गाड्यावरचं खाणं होतं ते, वर सांगितलंच. साशिमी तेवढी काड्यांनी घेतात. आमच्या टेबलावर सगळ्यात रुबाबात कुणी खात असेल तर आमची मंडळी. पोरं काड्यांशी झुंजत असतात, ती दोन बोटांत निगिरी धरून मोकळी होते.

काड्या वापरल्याच तर दोन गोष्टी टाळा. भातात उभ्या खोचून ठेवू नका, आणि एकाच्या काडीतला घास दुसऱ्यानं काडीनं धरू नये. पहिली रीत मृताला भात वाढताना, दुसरी दहनानंतर अस्थी उचलताना. दहाव्याचं पान कसं मांडतात हे ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं समजवायला नको.

सोया सॉस बुडवताना निगिरी पालथी करा आणि मासा टेकवा. भात बुडवला की तो सुटतो आणि वाटीत खीर होते.

शुगर आणि बीपी असलेल्यांनी जावं का?

जावं, पण डोळे उघडे ठेवून. भात आहे, भातात साखर आहे, वर गोड सॉस. एका मोठ्या रोलमध्ये पाऊण-एक वाटी भात दाबून बसवलेला असतो, दिसत नाही. चार रोल खाल्ले म्हणजे तेवढ्या वाट्या भात खाल्ला, आणि घरी आपण डॉक्टरांच्या भीतीनं अर्धी वाटी घेतो. शुगरवाल्यांनी साशिमी, एदामामे, भाजलेले मासे, सॅलड यांवर भर द्यावा आणि निगिरी मोजून घ्यावी. बीपीवाल्यांसाठी खरा शत्रू सोया सॉस. एका टेबलस्पूनात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम, आणि दिवसाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २००० च्या आत. त्यात गहूही असतो, ग्लूटेन चालत नसेल त्यांनी लक्षात ठेवावं.

गरोदर बाईनं कच्चा मासा टाळावा, मोठ्या ट्यूना माशात साठलेला पारा हा आणखी एक मुद्दा. तिला शिजवलेल्या कोळंबीचे, भाज्यांचे रोल आहेत, उपाशी राहायची वेळ येत नाही.

पैसे वसूल करायचे तर काय खावं?

लोक हा प्रश्न आवाज खाली करून विचारतात. हिशेब असा सांगतात : साशिमी महाग, ती जास्त खा, भात स्वस्त, तो टाळा, सकाळपासून उपाशी राहा. मीही केलं. सकाळी फक्त चहा घेऊन गेलो आणि पहिल्या पंधरा मिनिटांत इतक्या वेगानं खाल्लं की पोट भरल्याचा निरोप डोक्यात पोचेस्तोवर उशीर झाला होता. मग तासभर दुसऱ्यांना खाताना बघत बसलो. दुसऱ्यांदा सकाळी पोहे खाऊन गेलो, तेव्हा दीड तास मजेत जेवलो.

माझं मत विचाराल तर वसुलीचा हिशेब अनलिमिटेडला लागूच होत नाही. तुम्ही कितीही खाल्लं तरी मालकानं सरासरी धरलेली असते, आणि तुमच्या टेबलावरची सहा वर्षांची नात दोन काकडीचे तुकडे खाऊन ती सरासरी खाली आणतेच. फायदा दुसरा आहे. एरवी जो पदार्थ विकत घेऊन बघायची हिंमत होत नाही, तो इथं एक तुकडा मागवून बघता येतो. ऑक्टोपस मी असाच खाल्ला. चप्पल चावल्यासारखा लागला. एकच तुकडा होता, नुकसान काही नाही.

क्रम असा ठेवा. आधी साशिमी-निगिरी, जिभेला चव आहे तोवर. मग एक-दोन रोल. तळलेलं शेवटी, कारण तेम्पुरा आधी आला की त्यावरच पोट भरतं. मेनूत चाऊमीन, फ्राइड राइस, स्प्रिंग रोल असतील, कारण अशा बऱ्याच हॉटेलांचे मालक चिनी किंवा कोरियन आहेत. ते आपल्याकडेही मिळतं, त्यासाठी समुद्र ओलांडलेला नाही.

मालकाला परवडतं कसं?

भात स्वस्त, काप पातळ, पेयं वेगळी, वाढपी कमी. आणि गर्दी. ही कल्पना जपानलाही तशी नवी नाही. १९५८ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी योशिआकी शिराइशी यांनी ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावर सुशीच्या ताटल्या सोडल्या. बिअरच्या कारखान्यात बाटल्या पट्ट्यावरून सरकताना बघून त्यांना ते सुचलं होतं. आणि त्याच वर्षी टोकियोच्या इंपीरियल हॉटेलात ठरलेल्या दरात हवं तेवढं खायचा जपानमधला पहिला बुफे सुरू झाला, ‘इंपीरियल वायकिंग’ नावाचा. आजही जपानी माणूस बुफेला ‘वायकिंग’ म्हणतो. हवं तेवढं खायच्या पद्धतीला त्यांचा खास शब्द आहे ‘ताबेहोदाई’.

आपलं ताबेहोदाई म्हणजे भरीत पार्टी. थंडीत शेतावर, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी, पातीचा कांदा, आणि पोट फुटेस्तोवर आग्रह. फरक एवढाच की तिथं उरलं तर कुणी पैसे लावत नाही, डबा भरून देतात.

उरलेलं बांधून मिळतं का?

नाही. विचारूही नका.

लहान मुलांचं काय?

वयाप्रमाणे कमी दर असतो, अगदी लहानांना फुकटही. वय खरं सांगा, नातवासमोर खोटं सांगू नका, तो मोठ्यानं दुरुस्त करतो. आमच्या नातवानं केलं. मुलांना टेरियाकी चिकन, ऑम्लेटची निगिरी, आइसक्रीम पुरतं. टॅबलेट मात्र त्यांच्या हाताला लागू देऊ नका.

गोड काय असतं?

माचा म्हणजे हिरव्या चहाचं आइसक्रीम, किंचित कडवट. रेड बीनचं आइसक्रीम. हे दुसरं घ्याच. अझुकी नावाचं लहान लाल कडधान्य साखरेत शिजवून केलेलं पुरणच ते, गार केलेलं. खापरावरच्या मांड्यावर वाढलेल्या माणसाला गोड डाळीचं कौतुक सांगायला नको. आमच्या मंडळींनी पहिला चमचा घेऊन विचारलं, ‘यात वेलदोडा का नाही घातला?’

घरी, इथं करून बघता येईल?

व्हेज रोल सहज. इंद्रायणी तांदूळ घ्या, तो चिकट होतो. दोन वाट्या तांदूळ धुऊन मऊ पण मोकळा न होईल असा शिजवा. चार टेबलस्पून पांढरं व्हिनेगर, दोन टेबलस्पून साखर, एक चमचा मीठ कोमट करून विरघळवा, गरम भातावर शिंपडा आणि चिरत-चिरत कालवा, दुसऱ्यानं पंख्यानं वारा घालावा. नोरीचे, म्हणजे समुद्री शेवाळाचे काळे कागद ऑनलाइन मिळतात. कागदावर ओल्या हातानं भात पातळ पसरा, काकडी-गाजराच्या उभ्या फोडी ठेवा, प्लास्टिकच्या जाड कागदाच्या आधारानं घट्ट गुंडाळा, ओल्या सुरीनं कापा. भात फ्रीजमध्ये ठेवू नका, खडा होतो. केला त्याच दिवशी संपवा.

जळगावच्या केळ्याचा रोल आम्ही करून पाहिला. नातवानं खाल्ला. मोठ्यांनी खाल्ला नाही.

पोट भरतं का? की घरी येऊन भाकरी लागते?

पोट भरतं. मन भरत नाही, असं आमचे साडू म्हणतात, आणि त्यांच्या खिशाचा किस्सा माहीत असल्यामुळे मी त्यावर बोलत नाही. पण त्या पहिल्या रात्री मिसिसागात घरी पोचल्यावर साडेदहाला स्वयंपाकघरात दिवा लागला, तो कुणी लावला ते सगळ्यांना माहीत आहे. भुसावळहून नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडा होता, आणि त्याच्याभोवती आम्ही चौघं उभे होतो.